सुतात सव्वाशे

लेथ आला भोसरीहून, टेम्पोतून,
भंगाराच्या भावात आणि भंगाराच्याच रंगात.
गिअरच्या दातांत
कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं काळं ग्रीस.
चौघांनी तो पार्किंगमध्ये उतरवला, माझ्या स्कूटरच्या जागी.
वॉचमन म्हणाला, मॅडम, पिठाची गिरणी का?
मी म्हणाले, तसंच काहीतरी.

एकतीस वर्षं बँकेत ताळा जमवला.
चौदा पैशांचा फरक रात्री नऊपर्यंत शोधलाय.
वाटलं, शेवटी मापच आहे हे. जमेल.

शिकलगारमामा शनिवारी येतात, पिंपळे गुरवहून, बस बदलून.
धार तुमच्या आडनावातच आहे, मी एकदा म्हणाले.
आडनावात नसते बाई, दगडावर लावावी लागते.
पहिले तीन शनिवार
त्यांनी मला लेथचं बटण दाबू दिलं नाही.
नुसतं टूल घासायचं.
कोन चुकला की बोलणं नाही,
पाण्यात बुडवून ते परत माझ्या हातात.

मग माप.
इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत.
सुतात सव्वाशे थाऊ.
तुमच्या डोक्यावरचा एक केस दोन-तीन थाऊ,
पांढरा असला तरी.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक.
आम्ही सुताच्या आत उतरलो, खाली खाली,
जिथे हँडल फिरतं आणि टूल जागचं हलत नाही.
बॅकलॅश, मामा म्हणाले, जुन्या स्क्रूची खोड.
आधी मागे जायचं, मग एकाच बाजूनं पुढे यायचं,
म्हणजे तो खोटं बोलत नाही.

पितळ भुशासारखं उडतं, चपलेतून घरात येतं.
पोलाद निघतं लांब, निळं, वळ्यावळ्यांचं,
आणि हात लावला की कापतं.
नणंद विचारून गेली, यावर चालणार काय?
काही नाही. हेच चालणार.

पहिला दट्ट्या सैल. दुसरा सैल. तिसराही.
चौथा सिलिंडरात बसला तो निघेचना.
पाचवा रात्री केला,
तीनदा मोजला, वहीत लिहिला, ताळा जमला.
मामांनी तो मापलाच नाही.
खालचं तोंड अंगठ्यानं दाबलं, दट्ट्या वरून सोडला.
तो उतरला सावकाश, आतल्या हवेवर बसून,
एखादा म्हातारा पाहुणा गादीवर बसतो तसा.
अंगठा काढला, टुपकन पडला.
हं, म्हणाले. चहा ठेवा.

तांबट आळीत पत्रा मागितला तर कारागीर म्हणाला, बंब का?
हो, पण वीतभर.
आंघोळ कोण करणार त्यात?
तरी पैसे घेण्याआधी त्यानं
एक तुकडा लाल करून, विझवून, ठोकून दाखवला,
कड कुठे फाटते ते.
माझी तरीही फाटली.
चांदीचा डाख दोनदा गळला, तिसऱ्यांदा धरला.

आणि ज्या शनिवारी सगळं जुळलं
त्या शनिवारी मामा डोळ्याला पट्टी बांधून घरी,
मोतीबिंदू.
ओट्यावर स्पिरिटचा दिवा, बंबाखाली निळी जीभ,
चौथ्या मजल्यावरची ईशानी श्वास धरून स्टुलावर.
चाकाला बोटानं ढकललं.
एकदा उलटं आलं. पुन्हा ढकललं.
मग माझं बोट नको झालं त्याला.
तेलाचे शिंतोडे फरशीवर, कढत थेंब मनगटावर,
ईशानी ओरडली काहीतरी, मला ऐकूच आलं नाही.

फोन इंजिनाजवळ धरला.
मामा बराच वेळ गप्प.
लंगडतंय, म्हणाले.
पण चाललं ना, मामा!
चाललं तर. लंगडतंय.
एका बाजूला वाफ उशिरा जातेय. व्हॉल्व्हचा नट बघा.

दिवा विझवला. चिंधीनं झाकण धरून उघडलं.
नट अर्धा आटा फिरवला,
चुकीच्या बाजूला.
मग उलट, पूर्ण एक.